संशयाचा फायदा

‘कर नाही त्याला डर कशाला’ ही म्हण ज्या कुणी काढली, त्याच्यावर जन्मात कधी खोटा आळ आला नसावा. ज्याने काही केलेलं असतं तो उत्तर घरूनच पाठ करून येतो. बोबडी वळते ती काहीच न केलेल्याची. न केलेल्या गोष्टीचा तपशील बिचारा देणार कुठून?

शाळेत मला सहामाहीला गणितात 38 मार्क होते आणि वार्षिकला एकदम 82 पडले. सरांनी उभं केलं. “कुणाचं पाहिलंस?” मी बसायचो पहिल्या बाकावर. माझ्यापुढे फक्त सरांची खुर्ची. म्हणजे पाहिलंच असेल तर सरांचं! पण हे बोलायचा धीर होईना. कानशिलं तापली, घाम फुटला. “बघा, घाम आला!” सर वर्गाला म्हणाले. झालं, पुरावा मिळाला. गंमत पाहा, 38 मिळाले तेव्हा ‘हे तुझेच कशावरून?’ असं मला एकानेही विचारलं नव्हतं. नापासाला पुरावा लागत नाही.

असाच घाम 1982 साली अमेरिकेतल्या काही पोरांना फुटला असणार. लॉस एंजेलिसच्या पूर्व भागातलं गारफिल्ड हायस्कूल. वस्ती गरिबांची, पोरं बहुतेक मेक्सिकन वंशाची. हाइमे एस्कलांटे नावाचे मूळ बोलिव्हियाचे मास्तर त्यांना कॅल्क्युलस शिकवत. शाळेआधी, शाळेनंतर, सुट्टीच्या दिवशीसुद्धा! (आमच्याकडे असे मास्तर पाहिले की मुलं गल्ली बदलतात.) कॉलेजच्या तोडीची ती देशभर होणारी परीक्षा 18 जणांनी दिली आणि अठराच्या अठरा पास झाले. परीक्षा घेणारी एज्युकेशनल टेस्टिंग सर्व्हिस ही संस्था चमकली. काही पेपरांत एका प्रश्नाची चूकही सारखीच होती. 14 जणांना निरोप गेला, पुन्हा परीक्षेला बसा, नाहीतर मार्क रद्द. बारा जण बसले आणि सगळे पुन्हा पास झाले. 1988 साली यावर ‘स्टँड अँड डिलिव्हर’ नावाचा सिनेमाही निघाला.

आता तुम्ही म्हणाल, मग संस्थेला दोन शिव्या घाला आणि मोकळे व्हा. पण मी पडलो बँकेतला माणूस. सहीचं शेपूट जरा वेगळं वळलं की चेक परत करायचा, यावर आमचं पोट चालतं. संशय घेणं हे पाप नव्हेच. दुसऱ्या हजारोंनी प्रामाणिकपणे पेपर लिहिलेला असतो, त्यांच्या वतीने कुणीतरी डोळे उघडे ठेवायलाच हवेत. एवढंच की एका मास्तरांच्या हाताखाली तयार झालेली पोरं चुकतानासुद्धा एकाच घराण्याची चुकणार, हाही विचार व्हायला हवा होता. आणि श्रीमंत वस्तीतल्या शाळेला हा प्रश्न विचारला असता का, ही एस्कलांटेंची तक्रारही सोडून देण्यासारखी नाही.

माझी खरी अडचण पुढची आहे. दुसऱ्या परीक्षेने सिद्ध काय झालं? पोरांना कॅल्क्युलस येतं, एवढंच. पहिल्या दिवशी त्या खोलीत काय घडलं, हे दुसरा पेपर कसं सांगणार? एस्कलांटेंवर पुस्तक लिहिणारे पत्रकार जे मॅथ्यूज, पोरांच्या हुशारीची त्यांना खात्री. पण त्यांच्याही मनात त्या एका प्रश्नापुरती शंका उरलीच. आमच्याकडे सीतामाई अग्निदिव्यातून बाहेर आली, प्रत्यक्ष अग्नीने सर्टिफिकेट दिलं, तरी पुढे परिटाचं बोलणं निघालंच. फेरपरीक्षा कितीही द्या, संशयाला पास होता येत नाही.

आणि ते दोघं, जे पुन्हा बसलेच नाहीत? गोष्ट सांगणारा बारा जणांवर येऊन थांबतो आणि ऐकणारा मनात म्हणतो, दोघांनी केली असणार लबाडी. का म्हणून? ‘एकदा दिली ना परीक्षा?’ असं म्हणण्याचा हक्क निरपराध्याला नाही? नकाराला आपण कबुली समजतो, घामाला समजतो तसंच.

आम्ही कॉमर्सवाले इथे साधा नियम सांगतो. कुणाच्याही नावे रक्कम टाकायची तर व्हाउचर टाकणाऱ्याने दाखवायचं. ज्याच्या नावे पडली त्याने नव्हे. अर्थात कॅश काउंटरवर हा नियम आम्हालाच लागू नाही. संध्याकाळी रोकड कमी भरली तर ती रोखपालाच्या खिशातून, जास्त भरली तर संड्री खात्यात. संशयाचा तोटा आमचा, फायदा बँकेचा!

तरी बँकेत निदान एक सोय आहे. चुकून पैसे कापले गेले तर उलटी नोंद करून ते परत जमा होतात. पासबुकात मात्र दोन्ही ओळी राहतात. शिल्लक बरोबर, पण कापल्याची खूण कायमची. आणि खातेदार चिवट असला तर मधल्या दिवसांचं व्याजही मागतो. बारा पोरांचे मार्क परत जमा झाले. पण मे महिन्यात परीक्षा देऊन ऑगस्टअखेर ती पुन्हा देईपर्यंत चोर म्हणून काढलेल्या दिवसांचं व्याज कुठल्या दराने काढायचं, हे आमच्या कुठल्याच सर्क्युलरमध्ये नाही. मूळ रक्कम तरी जमा करताना ‘आमची शंका चुकली’ एवढी एक ओळ शेऱ्यात लिहायला काय हरकत आहे? शाई तेवढी आमच्या ब्रँचमधून न्या.