वाचणारा कोण?

आमच्या आळीवर मी एक लेख छापला तेव्हा चुलते म्हणाले, "खोटं कायबी लिवलं न्हाईस. पर आमी वाचनार न्हाई, असं धरून लिवलंयस." त्यांच्या शाळकरी नातीनंच तो त्यांना मोठ्यानं वाचून दाखवला होता.

तेव्हापासून मला रॉबर्ट काल्डवेल आठवतात. 1814 साली आयर्लंडात जन्मलेले हे पाद्री 1838 मध्ये मद्रासला उतरले आणि तीन वर्षांनी तिरुनेलवेलीकडं इडैयनगुडीला गेले, ते तिथलेच झाले. तांबड्या रेतीचा मुलूख. ताडावर चढून रस उतरवायचा, आटवून गूळ करायचा, हा तिथल्या नाडार लोकांचा धंदा. वरच्या जातींच्या लेखी ही माणसं देवळाबाहेरची. काल्डवेल यांनी त्यांच्यासाठी शाळा चालवल्या, पत्नीनं मुलींना शिकवलं. गावातलं चर्च पुरं व्हायला 33 वर्षं लागली. द्राविडी भाषांचं 1856 चं तौलनिक व्याकरण यांचंच. 1877 मध्ये ते बिशप झाले.

पण याच लोकांवर त्यांनी 1849 मध्ये इंग्रजीत एक पुस्तक लिहिलं होतं. त्यात ही माणसं भुतंखेतं पुजणारी, बुद्धीनं जड आणि मुळात सिंहलद्वीपाकडून आलेली ठरली. (परदेशातून आलेल्या माणसानं त्यांना उपरं म्हणावं!) मिशनच्या शाळांमुळं पोरं इंग्रजी शिकली आणि ते पुस्तक त्यांच्याच हाती पडलं. मिशनमध्येच शिकलेल्या सट्टमपिळ्ळै यांनी 1857 मध्ये गोऱ्यांपासून वेगळं चर्च काढलं. कारणं आणखीही होती, पण या पुस्तकाचा डंख त्यात होताच. पुढं काल्डवेल बिशप असतानाही त्यावरून रान उठलं.

त्यांची माया खोटी होती, असं मला म्हणवत नाही. इतकी वर्षं कोण उगाच रेतीत काढतं? पण माया केली म्हणून माणसाचं मोजमाप घ्यायचा हक्क मिळतो का? मला वाटतं, नाही मिळत. आणि मग न दुखवता खरं लिहायचं कसं, तेही कळत नाही.

1891 मध्ये ते कोडाईकनालला वारले. पुरलं मात्र इडैयनगुडीच्या चर्चमध्येच.

माझा लेख पुस्तकात घ्यायचा ठरला तेव्हा कागद घेऊन मी चुलत्यांच्या ओट्यावर बसलो. त्यांनी दोन ठिकाणी थांबवलं. एक मी बदललं. दुसरं खरंच होतं, ते राहू दिलं. तेव्हापासून चहा येतो, पण पुढ्यात ठेवून ते आत जातात.