दुसऱ्याचं पीठ

"आत्या, डिस्क उडाली गं," असं मी फोनवर म्हणालो आणि म्हणता म्हणताच जाणवलं, की या वाक्यात मी कुठेच नाही. मराठीत ही मोठी सोय आहे. कप फुटला, दूध उतू गेलं, डिस्क उडाली. कुणी काही केलेलंच नसतं.

झालं होतं ते असं. आत्याचं घर घाटकोपरला, तळमजल्यावर. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा तिच्या घरात कमरेएवढं पाणी होतं. कपाटाच्या खालच्या कप्प्यातले अल्बम भिजले, फोटो एकमेकांना चिकटले. जे सुटे झाले ते तिनं वर्तमानपत्रावर पसरून पंख्याखाली वाळवले, पुढे स्कॅन करून घेतले आणि बुरशी धरलेले मूळ फोटो टाकून दिले. ते स्कॅन आणि आजोबांच्या आवाजाच्या कॅसेटवरून केलेली एक फाइल असं सगळं एका छोट्या हार्ड डिस्कवर घालून ती मुलुंडला माझ्याकडे घेऊन आली. "तुझ्याकडे राहू दे. तुला त्यातलं कळतं." ती डिस्क तिच्या नातवाला कॉलेजसाठी हवी होती, म्हणून मी सगळं माझ्या डेस्कटॉपवर उतरवलं आणि डिस्क पुसून परत दिली.

माझ्या डेस्कटॉपमध्ये दोन-दोन टेराबाइटच्या दोन डिस्क होत्या. डी वेगळा, ई वेगळा, याचा मला कंटाळा आला होता. दोन्ही मिळून एकच ड्राइव्ह दिसावा अशी सोय विंडोजमध्ये आहे. एक भरली की दुसरी, असं करता येतं. दोन्हींवर तेच ते लिहून आरसा ठेवता येतो, पण मग चारऐवजी दोनच टेराबाइट हाताशी राहतात. किंवा प्रत्येक फाइलचे ६४ किलोबाइटचे तुकडे करून एक इकडे, एक तिकडे असे वाटता येतात. त्यात दोन्ही डिस्क एकाच वेळी धावतात. मला व्हिडिओ एडिटिंगसाठी वेग हवा होता. मी तुकडे निवडले.

दीड वर्षानं एक डिस्क टकटक करू लागली आणि बंद पडली. दुसरी ठणठणीत होती, पण तिच्यावर उरले होते निम्मे तुकडे. निम्मा फोटो पाहता येत नाही, निम्मा आवाज ऐकू येत नाही.

यात अनपेक्षित काही नव्हतं. स्वस्त, छोट्या डिस्क जोडून मोठ्या, महागड्या डिस्कचं काम घ्यावं हा विचार बर्कलीच्या डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी १९८८ च्या निबंधात मांडला, तेव्हाच त्यांनी धोकाही सांगितला होता. डिस्क वाढल्या की त्यातली एखादी बिघडण्याची शक्यताही वाढते. म्हणून त्यांच्या पाचही पातळ्यांत थोडी जादा माहिती राखून ठेवलेली असते. मी वापरलेल्या प्रकाराला पुढे 'शून्य' पातळी म्हणू लागले. गेलेलं परत मिळवण्याची तरतूद शून्य. समजा, एक डिस्क वर्षभर टिकण्याची शक्यता शंभरात ९५ असेल, तर दोन्ही टिकण्याची जेमतेम ९०. हे मला माहीत होतं.

आत्या म्हणाली, "तुझेपण फोटो त्यातच होते ना रे? मग तू काय मुद्दाम केलंस?"

दोन दिवस मला या वाक्यानं बरं वाटलं. खरंच, तिच्या वस्तूला मी माझ्या वस्तूसारखंच वागवलं होतं. याहून जास्त कुणी काय करायचं?

योगायोगानं १८७२ च्या भारतीय करार कायद्यात हाच प्रश्न सापडला. सांभाळायला घेतलेल्या दुसऱ्याच्या मालाची, तितक्याच मोलाच्या स्वतःच्या मालाची साधारण शहाणा माणूस घेईल तेवढी काळजी घ्यावी, असं १५१ वं कलम म्हणतं. आणि १५७ वं सांगतं, की मालकाच्या संमतीशिवाय त्याचा माल आपल्या मालात असा मिसळला की वेगळा काढून परत देता येणार नाही, तर भरपाई द्यावी लागेल. उदाहरण पिठाचं आहे: ४५ रुपयांचं पिंपभर पीठ कुणीतरी आपल्या २५ रुपयांच्या पिठात मिसळतो. फाइलींना हे लागू होतं का, ते वकील जाणोत. मला त्यातला न्याय पटला.

कारण 'तितक्याच मोलाच्या' या शब्दांत माझा बचाव कोसळतो. माझे बहुतेक फोटो फोनवरही होते. तिच्याकडे मात्र दुसरी प्रत नव्हती. एकाच ड्राइव्हवर ठेवल्यानं आमची जोखीम सारखी झाली नव्हती. शिवाय वेगाचा फायदा माझा एकट्याचा. तिच्या आठवणी मी माझ्या सोयीसाठी पणाला लावल्या आणि त्याला आपुलकी समजलो.

विचारलं असतं तर ती म्हणाली असती, "तुला कळतं तसं कर." म्हणजे संमती मिळालीच असती, असा एक युक्तिवाद उरतो. पण तो उलटा आहे. ज्याला कळत नाही तो निर्णय आपल्यावर सोपवतो, तेव्हा आपली मोकळीक वाढत नाही, जबाबदारी वाढते. तिच्या वतीनं 'नको' म्हणणारं त्या खोलीत कुणी असेल, तर तो मीच होतो. आणि ठेव म्हणजे शेवटी मागितल्यावर वेगळी काढून हातात देता येईल अशी वस्तू. ज्या क्षणी मी तुकडे केले, त्या क्षणी ती ठेव राहिली नाही. डिस्क बिघडली दीड वर्षानं. चूक त्या दिवशीच झाली होती. डिस्क कधीच बिघडली नसती, तरी ती चूकच होती.

रविवारी घाटकोपरला गेलो. नातेवाइकांच्या व्हॉट्सॲपवरून गोळा झालेले चाळीसेक फोटो दोन वेगळ्या डिस्कवर नेले होते. एक तिच्या कपाटात वरच्या कप्प्यात ठेवायला, एक बोरिवलीच्या चुलतभावाकडे द्यायला. आजोबांचा आवाज त्यात नव्हता.

"आत्या, डिस्क उडाली नाही. तुझे फोटो मी घालवले," मी म्हणालो आणि कसे ते सांगितलं. तुकड्यांचं तिला कितपत कळलं, ठाऊक नाही. ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "बाबांचा आवाज तरी वेगळा ठेवायचास रे."

त्या दिवशी ती पहिल्यांदा माझ्यावर रागावली. तो राग तिच्या हक्काचा होता. मी तिला तो उशिरा दिला.