भाकिताचा पडताळा

नारायण पेठेत केसरीवाड्यावरून जाताना बहुतेकांना लोकमान्यांचे अग्रलेख आठवतात. मला त्यांचा पंचांगाचा वाद अधिक मोलाचा वाटतो. गणेश दैवज्ञांनी १५२० च्या सुमारास रचलेल्या ‘ग्रहलाघवा’वर आपली पंचांगे शतकानुशतके चालली, आणि गणितातला ग्रह व आकाशातला ग्रह यांच्यात अंतर पडत गेले. टिळकांचे गुरू केरो लक्ष्मण छत्रे यांनी एकोणिसाव्या शतकात आकाशाशी जुळणारे पंचांग काढले. पुढे टिळकांनी तीच बाजू लढवली. गणेशाचे वडील केशव दैवज्ञ तर स्वतः वेध घेऊन जुनी गणिते तपासणारे. वारसांनी ग्रंथ तेवढा ठेवला, सवय सोडली.

आपल्या अतिदक्षता विभागांतही असेच एक पंचांग चालते. त्याचे नाव अपॅची-२. नाडी, रक्तदाब, ताप, श्वास, रक्तातले सोडियम, क्रिएटिनिन अशी बारा मापे घ्यायची, तीही पहिल्या चोवीस तासांतली सर्वांत वाईट. वय आणि जुने आजार त्यात मिळवायचे. गुण शून्य ते ७१. त्याला निदानाची जोड दिली की मृत्यूची शक्यता टक्क्यांत निघते. विल्यम नाउस आणि सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये हे सूत्र मांडले, ते अमेरिकेतल्या १३ रुग्णालयांतल्या ५,८१५ रुग्णांवरून. त्यांच्या निदानांच्या यादीत मलेरिया, धनुर्वात, सर्पदंश यांना स्वतंत्र जागा नाही. कीटकनाशक प्यायलेला आपला शेतकरी तिथे झोपेच्या गोळ्या घेतलेल्यांच्या खान्यात जाऊन बसतो.

हे आपल्याकडे लागू पडते का, हे मुंबईच्या केईएममध्ये चिराग पारीख आणि दिलीप कर्नाड यांनी तपासले. १९९९ मध्ये त्यांनी निष्कर्ष छापला : प्रत्यक्ष मृत्यू भाकिताच्या दीडपटीहून जास्त. पुढे २००४ मध्ये कर्नाड आणि सहकाऱ्यांनी त्याच रुग्णालयातल्या ४५३ गर्भवती आणि बाळंतिणींचा हिशोब मांडला, तर मृत्यू भाकितापेक्षा कमी निघाले. गरोदरपणी नाडी आणि रक्तातले काही आकडे मुळातच बदललेले असतात. सूत्र त्यालाच आजार समजते. एकाच इमारतीत सूत्र दोन्ही बाजूंना चुकले!

इथे अवघड प्रश्न सुरू होतो. मृत्यू जास्त झाले ते सूत्र परके म्हणून, की उपचार कमी पडले म्हणून? नुसता आकडा ते सांगत नाही. रुग्ण दुसरीकडे चार दिवस काढून आलेला असेल, तर सलाइन आणि ऑक्सिजनने त्याची मापे सुधारलेली असतात. गुण कमी दिसतात, धोका तेवढाच राहतो. उलट पहिल्या चोवीस तासांत हेळसांड झाली की मापे बिघडतात, गुण वाढतात, भाकीत काळे होते, आणि पुढे रुग्ण वाचला तर विभागाची पाठ थोपटली जाते. निष्काळजीपणाला बक्षीस देणारी ही पळवाट मला सर्वांत धोक्याची वाटते.

पडताळा म्हणजे दोन वेगळ्या परीक्षा. जास्त गंभीर कोण, कमी कोण, हे सूत्राने ओळखले की पहिली पार पडली. बाहेरून आणलेली सूत्रे त्यात बऱ्यापैकी उतरतात. दुसरी कठीण : ‘चाळीस टक्के’ म्हटलेल्या शंभरांपैकी खरोखर चाळीसच्या आसपास दगावले का? इथे ती घसरतात. घरचे मात्र या दुसऱ्या आकड्यावरच निर्णय घेतात. व्हेंटिलेटर लावायचा का, दागिने मोडायचे का, हे बाहेरच्या बाकड्यावर ठरत असते. त्यात चाळीस टक्के हा शंभर जणांचा हिशोब. आत झोपलेल्या एका माणसाविषयी तो फार थोडे बोलतो. ही सूत्रे गटांच्या तुलनेसाठी उपयोगी; एकट्याचे उपचार थांबवायला तेवढ्यावर विसंबणे मला गैर वाटते.

प्रत्येक मोठ्या रुग्णालयाने दरवर्षी आपले भाकीत आणि आपले प्रत्यक्ष मृत्यू शेजारी-शेजारी छापावेत, आकडे लाजिरवाणे असले तरी. आणि आपले माणूस आत असताना कोणी टक्के सांगितले, तर हे गणित इथल्या रुग्णांवर कधी तपासले होते, एवढे जरूर विचारा.