परमुलखातील रण आणि परतलेला शिपाई

हुकमावरून मारणाऱ्या शिपायाच्या कर्माचा धनी कोण, हा प्रश्न स्वतःच्या भूमीसाठी झालेल्या लढाईत फारसा टोचत नाही. घरदार, वतन, राजा अशी उत्तरे तिथे हाताशी असतात. दूरदेशीच्या, दुसऱ्याने आखलेल्या युद्धात ती पुरत नाहीत.

लोकमान्य टिळकांचा ‘गीतारहस्य’ हा ग्रंथ १९१५ साली प्रसिद्ध झाला. फळाची आस सोडून कर्तव्य करणाऱ्याला कर्म बांधत नाही, हा त्याचा गाभा. त्याच वर्षीच्या डिसेंबरात ब्रिटिशांच्या सहाव्या पुणे डिव्हिजनमधल्या मराठा पलटणी मेसोपोटेमियात कुत-अल-अमारा येथे तुर्की वेढ्यात अडकल्या. गीतेतल्या अर्जुनाचा निदान स्वतःच्या राज्यावर हक्क होता. टायग्रिसकाठच्या शिपायाचा तिथल्या वीतभर जमिनीशीही संबंध नव्हता. त्याला बांधून ठेवणारे होते ते खाल्ल्या मिठाचे इमान आणि पलटणीची अब्रू. निष्काम कर्माचे तत्त्व पगारी शिपायाला लावता येईल; पण मग युद्ध न्याय्य की अन्याय्य हा प्रश्नच मिटवून टाकावा लागतो. हा सौदा फार महागात पडतो.

वेढ्यात अन्न संपत आले तेव्हा घोडे कापले जाऊ लागले. हिंदी शिपायांपैकी बहुतेकांनी ते मांस नाकारले. हिंदुस्थानातल्या धर्मगुरूंकडून परवानगी मागवली गेली, ती मिळालीही. तरी गावी गेल्यावर जातीत घेतील का, सोयरीक जुळेल का, ही धास्ती हटेना. स्कर्व्हीने माणसे खंगली. २९ एप्रिल १९१६ रोजी शरणागती झाली आणि सुमारे तेरा हजार लोक कैदेत गेले. वाळवंटातली पायपीट, आजार आणि बगदाद रेल्वेमार्गावरची मजुरी यांत त्यांतले हजारो मेले.

इथे धर्माची एक विचित्र बाजू दिसते. काय खाल्ले, समुद्र ओलांडला की नाही, याला प्रायश्चित्त होते. गुरखा पलटणींसाठी तर परतल्यावर ‘पानी-पतिया’ हा शुद्धिविधीच होता. माणूस मारून आलेल्याच्या मनासाठी मात्र असा काही ठरलेला विधी नव्हता. रणात पडलेल्याला स्वर्ग, त्याचे सुतकही तत्काळ फिटते, असे मनुस्मृती सांगते. गावोगावच्या वीरगळांवर अप्सरा त्याला वर नेताना कोरलेल्या असतात. परतलेल्याचा वीरगळ नसतो. सातारा-कोकणाकडच्या काही गावांत १९१४–१९१९च्या महायुद्धाचे दगडी फलक आहेत. गावातून किती गेले आणि किती कामी आले, एवढे दोनच आकडे त्यांवर असतात. परत किती आले, ते वजाबाकी करून काढावे लागते.

महाभारत मात्र या बाबतीत अधिक प्रामाणिक आहे. जिंकलेला युधिष्ठिर राज्य टाकून वनात जायला निघतो, आणि त्याची समजूत काढायला ज्या शांतिपर्वापासून सुरुवात होते, ते साऱ्या ग्रंथातले सर्वांत मोठे पर्व आहे. पुढे अश्वमेध होतो तोही पापक्षालनासाठी. अर्थात ही सारी सोय राजासाठी. त्याच्या पायदळाची समजूत कोणी काढली, याचा तिथेही पत्ता नाही.

या प्रश्नाला बौद्ध परंपरेचे उत्तर वेगळे आहे. संयुत्त निकायातल्या योधाजीव सुत्तात एक सेनानी विचारतो, रणात मेलेला योद्धा देवलोकी जातो हे खरे का? बुद्ध आधी उत्तर टाळतात. पुन्हा पुन्हा विचारल्यावर सांगतात की, समोरचे मरोत या भावनेने लढणाऱ्याला दुर्गतीच मिळते. तो सेनानी रडतो. बुद्धांच्या बोलण्याने नव्हे, तर आधीच्या गुरूंनी इतका काळ फसवले म्हणून. डॉ. आंबेडकरांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’मध्ये मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत भेद केला. इच्छेने मारणे निषिद्ध, गरज असेल तर नाही. शिपायाला यात वाट सापडते, पण अर्धीच. कारण गरज ठरवणारा तो नसतो.

ही अडचण श्रीलंकेत उघडी पडली. २९ जुलै १९८७च्या करारानंतर भारतीय शांतिसेना तिथे गेली ती तमिळांच्या रक्षणासाठी, आणि थोड्याच महिन्यांत लढू लागली ती तमिळ वाघांशी. ८ महारचे मेजर रामस्वामी परमेश्वरन २५ नोव्हेंबर १९८७ रोजी पडले. त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळाले. मार्च १९९० पर्यंत अकराशेहून अधिक भारतीय सैनिक मारले गेले. शेवटची तुकडी मद्रासला उतरली तेव्हा मुख्यमंत्री करुणानिधी स्वागताला गेले नाहीत. गरज ठरवणाऱ्यांनी आपले मत बदलले होते. सुरुंगात पाय गेलेल्याला तशी मुभा नव्हती. कोलंबोजवळ या सैनिकांचे स्मारक २००८ साली उभे राहिले, दिल्लीतल्या राष्ट्रीय युद्धस्मारकावर त्यांची नावे यायला २०१९ उजाडले.

देहाची सोय पुण्यात बरीच जुनी आहे. १९१७ साली पहिल्या महायुद्धातल्या अपंग सैनिकांसाठी मुंबईत सुरू झालेली क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट पुढे खडकीला आली. कृत्रिम अवयव केंद्र १९४४चे. पहिल्या ठिकाणी कसब शिकवतात, दुसऱ्या ठिकाणी कृत्रिम पाय बसवतात. केलेल्या कर्माचे काय, हे विचारायला माजी सैनिकाला कीर्तनकार, भिक्खू किंवा बायको यांच्याकडेच जावे लागते. पेन्शनच्या कागदांत अपंगत्वाची टक्केवारी असते, पण ती शरीराने आणि मनाने सोसलेल्या इजेची. त्याच्या हातून दुसऱ्याला झालेल्या इजेचा रकाना त्यात नाही, आणि त्या जबाबदारीत राज्याचा वाटा किती, हे अजून कोणत्याच शास्त्राने ठरवलेले नाही.