'लई'चा कॅलिफोर्नियातला भाऊबंद

उत्तर कॅलिफोर्नियातल्या तरुणांच्या बोलण्यात 'हेला' हा शब्द पावलोपावली येतो. अर्थ सरळ आहे: खूप, भरपूर. 'हेल ऑफ अ' ही लकब बोलता बोलता झिजून तो झाला, असं सहसा मानतात. म्हणजे मुळाशी नरकच. आपणही उकाड्याला 'मरणाचा' म्हणतो. फार मोठं काही सांगायचं झालं की माणसाला आधी भीतीच आठवते. नरकाचं नाव नको म्हणून तिथली लहान मुलं 'हेका' म्हणतात.

मला जास्त महत्त्वाची वाटते ती या शब्दाची चाल. इंग्रजीत विशेषणाला 'व्हेरी' लागतं, अनेकवचनी नामाला 'मेनी'. 'हेला' दोन्हीकडे चालतो, क्रियापदालाही. अगदी आपल्या 'लई'सारखा: लई गोड, लई माणसं, लई रडला. अशा शब्दांना गावंढळ म्हणणाऱ्यांनी त्यांची ही ताकद कधी नीट पाहिलेलीच नसते.

जोर देणारे शब्द लवकर बोथट होतात. आजचं 'भयंकर सुंदर' कुणालाही घाबरवत नाही. मग 'हेला' कसा टिकला? माझ्या मते, त्याला गाव आहे म्हणून. भाषाशास्त्रज्ञ मेरी बुकोल्ट्झ आणि सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांना कॅलिफोर्नियाचा नकाशा देऊन कुठे कसं बोलतात ते लिहायला सांगितलं, तेव्हा उत्तरेची खूण म्हणून हाच शब्द ठळकपणे पुढे आला. तो 'खूप' तर सांगतोच, शिवाय बोलणारा कुठला तेही सांगतो. दक्षिणेतल्या 'नो डाउट' या बँडने तो गाण्याच्या नावात घेतला, तरी त्याचं माहेर बदललं नाही.

२०१० साली डेव्हिसच्या विद्यापीठातल्या ऑस्टिन सेंडेक या विद्यार्थ्याने मागणी केली, की एकावर सत्तावीस शून्यं एवढ्या संख्येसाठी 'हेला' हा मोजमापाच्या एककांचा अधिकृत उपसर्ग करावा. उत्तर कॅलिफोर्नियाने विज्ञानाला एवढं दिलं, तर तिथल्या बोलीचा मान राखा, हा त्याचा युक्तिवाद. गूगलच्या गणकयंत्राने उपसर्ग स्वीकारलाही. २०२२ मध्ये मात्र वजन-मापांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने त्या जागी 'रोना' बसवला. एककांच्या चिन्हांत 'आर' हे अक्षर मोकळं होतं, 'एच' आधीच 'हेक्टो'कडे गेलेलं. व्यवहार म्हणून निर्णय बरोबरच आहे. तरी त्या विद्यार्थ्याची मागणी मला मनापासून पटते: ज्या बोलीत माणसं विचार करतात, तिला मोजमापाच्या तक्त्यातही जागा मागता आली पाहिजे. 'लई'साठी अशी मागणी आपण अजून केलेली नाही.