तेरावी खिडकी

वसईच्या उत्तरेस नंदाखाल येथें पवित्र आत्म्याच्या नांवाचें जुनें चर्च आहे. तेथें दर वर्षीं गुड फ्रायडेच्या दिवशीं येशूच्या दुःखसहनाची कथा वाचली जाते, आणि तींत यहूदा इस्कार्योताचें नांव येतें. तीस रुप्याच्या नाण्यांसाठीं ज्यानें गुरूला शत्रूच्या हातीं दिलें, तो हा शिष्य. ह्याच गांवांत जन्मलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो (मृत्यु २०२४) यांच्या ‘सुबोध बायबल’मुळें ती कथा आतां ख्रिस्तीतर मराठी वाचकांसहि घरबसल्या चांगल्या मराठींत वाचतां येते. ती वाचणारा येशूसाठीं हळहळतो, गुरूला नाकारून मग रडणाऱ्या पेत्रासाठींहि हळहळतो. यहूदासाठीं सहसा कोणी हळहळत नाहीं. हळहळावें काय, हा प्रश्न धर्मपंडितांस नवा नाहीं. आम्ही तो येथें मांडतों तो मात्र एका इंग्रज कारागिराच्या निमित्तानें. कारण त्यानें तो ग्रंथांत न लिहितां कांचेवर कोरला, आणि त्याच्या हयातींत त्या कांचेला कोणत्याहि चर्चच्या भिंतींत जागा मिळाली नाहीं.

लॉरेन्स व्हिस्लर यांचा जन्म १९१२ सालचा. शिक्षण ऑक्सफर्ड येथें. प्रथम ते कवि म्हणून पुढें आले. इंग्लंडच्या राजानें कवितेसाठीं सुवर्णपदक ठेविलें, तें पहिल्यानें मिळालें तें यांसच. परंतु पदकावर प्रपंच चालत नाहीं, हें मराठी कवींस आम्हीं सांगावयास नको. एकदां त्यांनीं एका खिडकीच्या कांचेवर आपलेंच एक सुनीत कोरलें. त्या हौसेंतून पुढें पेले, वाडगे, खिडक्या असा व्यवसाय उभा राहिला. अठराव्या शतकांत हॉलंडमध्यें भरभराटीस आलेली व मागाहून बहुतेक विसरली गेलेली ही कला इंग्लंडांत पुन्हां जिवंत झाली, ती मुख्यतः त्यांच्या हातून. १९४४ साल त्यांस फार कठीण गेलें. जुलैमध्यें थोरला भाऊ रेक्स, नामांकित चित्रकार, नॉर्मंडीच्या रणांगणावर पडला. नोव्हेंबरांत पत्नी जिल वारली. लग्नाला अवघीं पांच वर्षें झालीं होतीं.

ह्या कलेची रीत थोडी समजून घेतली पाहिजे, नाहीं तर पुढील गोष्टीचें मर्म कळणार नाहीं. हिरकणीनें किंवा तितक्याच कठीण टोकानें कांचेवर एकेक ठिपका उमटवावयाचा. ठिपका म्हणजे गुळगुळीत कांचेला केलेली जखमच. अखंड कांचेंतून प्रकाश आरपार निघून जातो, आणि आपणांस कांचेवर कांहींच दिसत नाहीं. जखम झाली तेथें तो अडतो, विखुरतो, आणि तेवढी जागा उजळते. म्हणून कागदावर चित्र काढणाराच्या उलट येथील सारा व्यवहार: जेथें उजेड दाखवावयाचा तेथें ठिपके दाट, जेथें काळोख तेथें कांच अस्पर्श. मागें झाडांची सावली असली म्हणजे चित्र पांढरें दिसतें. मागें उजळ आकाश आलें कीं तेंच काळसर होतें. आणि एकदां उमटलेला ठिपका पाटीवरच्या रेघेसारखा पुसतां येत नाहीं. नको तेथें पडला तर त्याला चित्रांत सामावून घ्यावें, एवढेंच कारागिराच्या हातीं.

डॉर्सेट परगण्यांत मोर्टन नांवाचें लहानसें खेडें आहे. ८ ऑक्टोबर १९४० रोजीं तेथील सेंट निकोलस चर्चवर जर्मन बाँबचा आघात झाला. उत्तरेची भिंत ढासळली आणि कांचा सगळ्या गेल्या. इमारत पुन्हां उभी राहिली, तेव्हां पूर्वीच्या कांचांच्या जागीं नितळ कोरीव कांचा बसविण्याचें काम व्हिस्लरांकडे आलें. १९५५ पासून १९८४ पर्यंत त्यांनीं तें पुरविलें. मेणबत्त्या, वनस्पति, आकाशगंगा अशीं चित्रें असलेल्या बारा खिडक्या झाल्या. तेराव्या खिडकीसाठीं त्यांनीं यहूदा निवडला. गळ्याला फास लागलेला आहे, तोंड प्रकाशाकडे आहे, आणि हातांतून सुटलेलीं नाणीं खालीं पडतां पडतां फुलें होत आहेत. तिला त्यांनीं क्षमेची खिडकी म्हटलें. गांवानें ती नाकारली. ती परगण्याच्या संग्रहालयांत जाऊन पडली. व्हिस्लर २००० सालीं वारले. खिडकी चर्चच्या भिंतींत बसली ती २०१४ मध्यें.

नाकारणाऱ्या त्या गांवकऱ्यांस अनुदार म्हणणें सोपें आहे. पण आपल्याकडे काय होईल? रायगड १६८९ सालीं मोंगलांच्या हातीं गेला, आणि सूर्याजी पिसाळ हें नांव मराठींत विश्वासघाताला पर्याय होऊन बसलें. त्याच्या अपराधाविषयीं इतिहाससंशोधकांत मतभेद आहेत. तरीहि त्याच्या नांवाचा साधा दगड कोणी बसवूं दिला असता काय? वाल्या कोळ्याला आपण केव्हांच क्षमा केली आहे. परंतु त्यानें ज्यांस लुटलें त्यांपैकीं एकाचेंहि नांव आपणांस ठाऊक नाहीं. जेथें घात झालेल्याचा चेहरा डोळ्यांसमोर आहे, तेथें औदार्य आंखडतें. आणि तें आंखडावें हें एका अर्थीं योग्यच. क्षमेचा अधिकार ज्याचा घात झाला त्याचा. तिऱ्हाइतानें ती परस्पर वांटून मोठेपण मिळवावें, हें आम्हांस मान्य नाहीं. मोर्टनच्या लोकांच्या मनांत असेंच कांहीं असेल, तर तो विचार हलका म्हणतां येणार नाहीं.

तथापि मूळ कथेंत एक तपशील आहे, आणि तो आपण वाचतांना भरभर ओलांडतों. मत्तयाच्या शुभवर्तमानांत यहूदा तीं नाणीं परत नेऊन देतो, आपण निर्दोष मनुष्याचा घात केल्याचें कबूल करतो, आणि मग गळफास घेतो. पेत्रानेंहि त्याच रात्रीं गुरूला तीन वेळां नाकारलें होतें. अपराध सारखे नव्हेत, हें खरें. पण पश्चात्ताप दोघांसहि झाला. एक तो घेऊन जगला, दुसऱ्याला तो घेऊन जगण्याची वाट दिसली नाहीं. पेत्र संत झाला. यहूदाला आपणांस कोणी क्षमा करील अशी कल्पनाच सुचली नाहीं, आणि त्याच्यामागें जगानेंहि ती सुचूं दिली नाहीं.

व्हिस्लरांनीं फास पुसलेला नाहीं, हें आमच्या मतें त्या कांचेंतील सर्वांत प्रामाणिक स्थळ. विश्वासघात झाला नाहीं, किंवा तो लहान होता, असें ती कांच कोठेंच म्हणत नाहीं. नाणीं तींच, हात तोच. ज्या कलेंत ओरखडा काढून टाकतां येत नाहीं, त्या कलेंतल्या मनुष्यानें क्षमेचा अर्थ पुसणें असा केला नाहीं, ह्यांत नवल तें कोणतें?

राहतां राहिली जागेची गोष्ट. त्या तेराव्या खिडकीची आंतली बाजू भिंतीवरील स्मारकानें झांकलेली आहे. प्रार्थनेस बसलेल्यांस ती दिसत नाहीं. पाहावयाची तर चर्चमधून उठून, वळसा घेऊन, बाहेरच्या अंगणांत जाऊन उभें राहावें लागतें.