काय उजेड पाडलास!

वा! वरच्या स्लाइसपासून तळापर्यंत सगळं सारखंच लख्ख. हा कपाशीच्या मुळाचा सूक्ष्मदर्शकातून थराथरानं घेतलेला स्टॅक आहे की दिवाळीची रोषणाई?

आता ती शेवटची स्लाइस उघड. तिथं मूळ संपलंय, खाली नुसतं पाणी आहे. मग हे पांढरे दाणे कुठून उगवले? प्रत्येक स्लाइसला वेगळा ऑटो कॉन्ट्रास्ट मारलास, आणि सॉफ्टवेअरनं डिटेक्टरचा नॉइज ताणून 255 पर्यंत, म्हणजे कमाल उजेडापर्यंत, नेला. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार? वर त्याच आकड्यांवर बेधडक लिहितोस, की आतल्या थरांत प्रथिन बाहेरच्याइतकंच आहे! अरे, ती बरोबरी मुळात नव्हती, तू बटण दाबून आणलीस.

खोल गेलं की स्टॅक अंधारतो, मान्य. पण का, हे विचारलंस कधी? ऊती प्रकाश विखुरते, शोषते. तुझा नमुना पाण्यात, अपवर्तनांक 1.33, लेन्स तेलाची, 1.515. जितकं खोल, तितका फोकस बिघडतो. शिवाय प्रथिन दाखवणारा चमकता रंग लेझरखाली उडतो तो वेगळाच. पहिली कारणं खोलीची, शेवटचं वेळेचं. स्टॅक संपल्यावर वरची स्लाइस त्याच लेझरवर, त्याच गेनवर पुन्हा घेतली असतीस तर कळलं असतं. ती फिकी आली तर रंग उडालाय. पहिल्याइतकीच उजळ आली तर दोष खोलीचा. एवढंही झालं नाही तुझ्याच्यानं?

संभाजीनगरात राहतोस, वेरूळ इथून जेमतेम तीस किलोमीटर. तिथल्या लेण्यांच्या गिलाव्यात भांगेचे तंतू असल्याचं राजदेव सिंग आणि एम. एम. सरदेसाई यांनी 2016 साली ‘करंट सायन्स’मध्ये मांडलं. सूक्ष्मदर्शकाखाली तंतू छान दिसले म्हणून ते थांबले नाहीत. भांगेचे ताजे नमुने आणले, जुन्याशी ताडून पाहिले, मग तोंड उघडलं. तू कशाशी ताडलंस? डोळ्यांना बरं दिसतंय, एवढ्याशीच ना?

आता नीट ऐक. कच्च्या फाइलला हात लावायचा नाही, काम प्रतीवर. आधी पार्श्वभूमी वजा कर. तोच रंग आतबाहेर सारखा असल्याची खात्री आहे असं एक मूळ घे, त्यात उजेड खोलीनुसार किती उतरतो ते मोज आणि त्यावर एकच वक्र बसव. गुणक त्यातूनच काढायचा, आणि कंट्रोल असो की प्रयोग, दोन्हींना तोच लावायचा. गुणाकारानं नॉइजही वाढतो, तेव्हा सिग्नल संपला तिथं मुकाट थांबायचं. 255 वर जाऊन ठेचलेले पिक्सेल कुठल्याही दुरुस्तीनं परत येत नाहीत. ते स्कॅन पुन्हा घे.

आणि काय केलंस ते प्रबंधात स्पष्ट लिही. न सांगता केलेल्या दुरुस्तीला बनवाबनवी म्हणतात.

सोमवारी कच्चा स्टॅक, वक्र आणि नोंदवही, तिन्ही घेऊन ये. नुसतं देखणं चित्र आणलंस तर दारातूनच परत पाठवीन.